फाट्यापासून वस्तीपर्यंत: मराठवाड्यात फिरणाऱ्यांनी नकाशाचं अ‍ॅप कसं निवडावं

छत्रपती संभाजीनगरहून लातूरला जायला नकाशा फारसा लागत नाही. हमरस्त्यावर पाट्या आहेत आणि टपरीवर विचारलं तर कुणीही रस्ता सांगतं. नकाशा लागतो तो शेवटच्या तीन-चार किलोमीटरला. फाट्यावर वळलं की डांबर संपतं, समोर दोन गाडीवाटा फुटतात, फोनची रेंज जाते आणि शेतातल्या ज्या आखाड्यावर पोहोचायचं तिथला माणूस फोन उचलत नाही. जनावरांचा डॉक्टर असो, मोटारीचा मेकॅनिक असो, खताची गाडी असो की रात्री निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स, सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं. अ‍ॅप कामाचं आहे की नाही हेही तिथेच कळतं, म्हणून पारखही तिथूनच सुरू करायची.

अ‍ॅप वेगळं, नकाशा वेगळा

फोनवर रस्ता दिसतो त्यामागे चार वेगवेगळी कामं चालतात. फोनमधली चिप उपग्रहांचे संदेश घेऊन तुमची जागा काढते. नकाशाची माहिती, म्हणजे रस्ते, गावं, पूल, ही कुणीतरी आधी गोळा केलेली असते. त्या माहितीवरून कोणता रस्ता घ्यायचा याचा हिशेब होतो. आणि शेवटी पडदा व आवाज, जे आपल्याला दिसतं-ऐकू येतं. लोक अ‍ॅप निवडतात ते या शेवटच्या गोष्टीवरून, आणि फसतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गोष्टीमुळे.

चूक कुठे झाली हे ओळखता आलं तर निम्मं काम होतं. निळा ठिपका तुम्ही उभे आहात तिथून पन्नास मीटर दूर दिसत असेल, तर दोष जागा काढण्यात आहे. अ‍ॅप बदलून तो जाणार नाही. ठिपका बरोबर आहे पण पायाखालचा रस्ताच नकाशात नाही, तर माहिती अपुरी आहे. रस्ता दिसतोय, तरी अ‍ॅप तुम्हाला सात किलोमीटर फिरवून नेतंय, तर हिशेबात गडबड आहे किंवा दोन रस्ते नकाशात एकमेकांना जोडलेले नाहीत.

गुगल मॅप्सची माहिती गुगलची स्वतःची. मॅपल्स हे मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचं, तिची माहिती वेगळी. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात. म्हणून ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड दोन्ही ठेवली, तर एका नकाशात नसलेली पाणंद दुसऱ्यातही नसणार. फोनमध्ये दोन अ‍ॅप ठेवा, पण दोघांचा पाया वेगळा असू द्या. या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी रात्रीच्या वेळी उपयोगी पडेल.

आधी फोन तपासा

अ‍ॅपला नावं ठेवण्याआधी फोन काय करतो ते बघा. जीपीएसटेस्ट नावाचं मोफत अ‍ॅप अँड्रॉइडवर मिळतं. ते टाका आणि मोकळ्या रानात, झाडापासून दूर, पाच मिनिटं फोन हातात धरून उभे राहा. कोणते उपग्रह ऐकू येतात आणि प्रत्येकाचा सिग्नल किती आहे हे त्यात दिसतं. मोकळ्या आकाशाखाली बऱ्याच उपग्रहांचा आकडा ३५ ते ४५ डेसिबल-हर्ट्झ असावा. सगळे २५ च्या खाली असतील तर आधी फोनचं कव्हर काढून बघा. धातूची पट्टी किंवा चुंबक असलेलं कव्हर आणि चुंबकाचा स्टँड यांनी सिग्नल आणि होकायंत्र दोन्हींची वाट लागते.

साधा फोन मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. ज्या फोनमध्ये एल१ आणि एल५ अशा दोन्ही लहरी घेणारी चिप आहे, तो उंच इमारतींजवळ आणि दाट झाडीत जास्त स्थिर राहतो. आपली ‘नाविक’ ही भारतीय उपग्रहांची प्रणाली फोनमध्ये आहे का, असं दुकानात खूप जण विचारतात. असेल तर चांगलंच, पण चिप सगळ्या देशांचे उपग्रह एकत्र वापरते. त्यामुळे निवड त्यावर अडवू नका. दोन लहरींचा फरक हाताला जास्त जाणवतो.

मग सेटिंग. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी देताना ‘अचूक स्थान’ सुरू आहे ना, हे पाहा. अँड्रॉइड १२ पासून अंदाजे आणि अचूक असे दोन पर्याय येतात. घाईत अंदाजेवर बोट पडलं तर ठिपका दोन-तीन किलोमीटरच्या वर्तुळात भरकटतो आणि माणूस अ‍ॅपला शिव्या देतो. दुसरं म्हणजे त्या अ‍ॅपवरचा बॅटरी बचतीचा निर्बंध काढा. नाहीतर पडदा बंद झाला की काही मिनिटांत फोन अ‍ॅप झोपवतो आणि वळण निघून गेल्यावर आवाज येतो.

एक गैरसमज मात्र काढायला हवा: जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन विमान मोडवर टाकला तरी जागा कळते. इंटरनेट असलं तर उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती झटकन उतरते आणि जागा काही सेकंदांत सापडते, एवढंच. इंटरनेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश घ्यावी लागते. एका उपग्रहाचा तो संदेश ३० सेकंदांचा असतो आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा थांबावं लागतं. ही माहिती काही तासांतच शिळी होते. म्हणून किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा गौताळ्याच्या जंगलात शिरण्याआधी, रेंज असतानाच, अ‍ॅप एकदा उघडून ठिपका स्थिर होऊ द्या.

दहा ठिकाणांची यादी करा

आता खरी निवड. जाहिरात आणि तारे बाजूला ठेवा. एक कागद घ्या आणि तुम्हाला नेहमी जावं लागतं, तुम्हाला रस्ता पक्का माहीत आहे, अशी दहा ठिकाणं लिहा. त्यात निदान दोन तांडे किंवा वाड्या असाव्यात, दोन शेतातल्या वस्त्या, बुद्रुक-खुर्द जोडीतलं एक गाव, पुनर्वसन झालेलं एक गाव, शहरातली एक गल्ली, नदीपलीकडचं एक ठिकाण आणि जमल्यास जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमेपलीकडचं एक. प्रत्येक अ‍ॅपमध्ये ही दहाही ठिकाणं शोधा आणि चार गोष्टी लिहून ठेवा: नाव सापडलं का, खूण बरोबर जागी आहे का, दाखवलेला रस्ता तुम्ही घेतला असता का, आणि अंतर तुमच्या माहितीशी जुळतं का.

तास-दीड तास जातो. पण हा कागद तुमच्या भागाबद्दल जे सांगेल ते कुणाचाही यूट्यूबवरचा व्हिडिओ सांगणार नाही. परभणीत जे अ‍ॅप पैकीच्या पैकी गुण घेतं ते आष्टी-पाटोद्याच्या डोंगरात नापास होऊ शकतं, कारण नकाशाची माहिती तालुक्या-तालुक्यात कमी-जास्त भरलेली आहे.

नावांचा घोळ

मराठवाड्यात शोध फसतो तो जास्त करून नावापायी. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव, बोरगाव, जवळा ही नावं जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात भेटतात, कधी एकाच तालुक्यात दोनदा. नुसतं ‘वडगाव’ टाकलं तर अ‍ॅप आपल्या मनाने एक निवडतं. नावापुढे तालुका लिहा, आणि बुद्रुक-खुर्द असेल तर तेही. नंतर पहिला पर्याय दाबण्याआधी खाली लिहिलेला तालुका वाचा. हे वाचायला दोन सेकंद लागतात. न वाचल्याने चाळीस किलोमीटरचा फेरा पडतो.

इंग्रजी स्पेलिंगचं दुखणं वेगळंच. वसमत कुठे ‘व’ने तर कुठे ‘ब’ने, केजचं कैज, उमरग्याचं ओमेर्गा, माजलगावचं मांजलेगाव. एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने बघा, मग देवनागरीत टाकून बघा. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या अ‍ॅपमध्ये काही गावं देवनागरीत सापडतात आणि इंग्रजीत सापडत नाहीत. काहींचं नेमकं उलट. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली, तरी जुन्या नावाने जतन झालेले पत्ते अजून पुष्कळ आहेत. दोन्ही नावांनी शोधा.

फाटा, पाटी आणि मोड ही आपली खरी खुणेची ठिकाणं. लोक पत्ता सांगतात तो ‘पाटीपासून आत दोन किलोमीटर’ असाच. पण अ‍ॅपमध्ये गाव असतं आणि त्या गावाची पाटी बऱ्याचदा नसते. तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या पाट्या एकेक करून स्वतः जतन करा.

लातूर-धाराशिव भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूरसारखी गावं नव्या जागी वसली. जुन्या गावठाणाची जागाही नकाशात असू शकते. नाथसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचंही तसंच. अशा गावाला जाताना खूण कुठे पडली ते उपग्रहचित्र लावून बघा. घरं सरळ रांगांत, चौकोनी आखलेल्या गल्ल्यांमध्ये दिसली तर ती बहुधा नवी वसाहत. झुडपांत विस्कटलेले चौथरे दिसले तर ते जुनं गाव.

खूण बरोबर, रस्ता चूक

शेतातल्या वस्तीवर खूण लावली की अ‍ॅप काय करतं हे नीट समजून घ्या. खुणेपर्यंत रस्ता नसेल तर ते सरळ रेषेत सगळ्यात जवळ असलेला रस्ता पकडतं आणि तुम्हाला तिथे नेऊन ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणतं. तो रस्ता नदीपलीकडे असला तरी त्याला फरक पडत नाही. गोदाकाठच्या गावांत हा प्रकार सर्रास होतो: वस्ती दोनशे मीटरवर डोळ्यांना दिसते, मध्ये पात्र, आणि पुलावरून फिरून यायचं तर पंधरा-वीस किलोमीटर. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. त्याच्या काठच्या शेतांचंही हेच होतं.

यावर इलाज एकच. वस्तीच्या घरावर एक खूण लावा आणि डांबरी सोडून ज्या जागी आत वळायचं तिथे दुसरी लावा. रस्ता विचारताना आधी वळणाची खूण द्या, तिथे पोहोचल्यावर घराची. ज्यात मध्ये थांबा टाकता येतो अशा अ‍ॅपमध्ये वळणाची खूण थांबा म्हणून टाकली तर एकदाच काम होतं. कुणाला पत्ता पाठवतानाही दोन्ही पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवणाऱ्यांसाठी: पाठवणाऱ्याला सांगा, घराबाहेर मोकळ्यावर ये, लोकेशनचा पर्याय उघड आणि खाली दिसणारा अचूकतेचा आकडा दहा-पंधरा मीटरवर येईपर्यंत थांब, मगच पाठव. पत्र्याच्या घरात बसून पाठवलेलं लोकेशन शेजारच्या शिवारात पडलेलं असतं.

विमान मोडवरची परीक्षा

ऑफलाइन चालतं असं बहुतेक अ‍ॅप सांगतात. किती चालतं ते तपासून घ्यायचं.

१. घरी वायफायवर नकाशा उतरवा. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबून ऑफलाइन नकाशांत जा आणि चौकट ओढून तुमचा भाग घ्या. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँडमध्ये राज्यानुसार यादी असते, त्यातून महाराष्ट्र घ्या. उतरवण्याआधी आकार दिसतो. फोनमध्ये त्याच्या दुप्पट जागा मोकळी असू द्या, कारण पुढे नवा नकाशा येताना जुना लगेच पुसला जात नाही.

२. सीमेचा विचार करा. उदगीरहून बीदर, उमरग्याहून बसवकल्याण, धर्माबादहून बासर असा फेरा असेल तर कर्नाटक आणि तेलंगणाचे नकाशेही लागतील. नुसता महाराष्ट्र असेल तर रस्ता सीमेवरच तुटतो.

३. विमान मोड सुरू करा, वायफायही बंद झालं का बघा, आणि फोन एकदा बंद करून चालू करा. नाहीतर आधीच्या शोधाची साठलेली माहिती दिसते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

४. कागदावरची दहा ठिकाणं पुन्हा शोधा. इथे बरीच अ‍ॅप उघडी पडतात. नकाशा दिसतो पण शोध चालत नाही, किंवा गाव सापडतं आणि दुकान सापडत नाही.

५. आवाज तपासा. मराठी आवाजाची फाइल फोनमध्ये वेगळी उतरवावी लागते. सेटिंगमध्ये मजकूर वाचून दाखवणाऱ्या सेवेत भाषा निवडून ती घ्या. ती नसेल तर रेंज जाताच आवाज इंग्रजीत येतो किंवा येतच नाही.

गुगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता देतं, पण पायी चालण्याचा देत नाही. गर्दीची माहिती आणि पर्यायी रस्तेही नसतात. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, ती त्याच यादीत दिसते. पायी फिरणाऱ्यांना, मग ते पैठणहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीतले असोत की जंगलात फिरणारे, ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडच हवं. ऑर्गॅनिक मॅप्स साधं, हलकं, मोफत आणि जाहिरातीविना. ऑस्मअँड शिकायला आठवडा लागतो, पण चढ-उताराच्या रेषा, चाललेल्या वाटेची नोंद, वाहनागणिक वेगळी सेटिंग असं सगळं त्यात आहे. प्ले स्टोअरवरच्या त्याच्या मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे. आपल्याला दोन-तीन राज्यंच लागतात, म्हणून सुरुवातीला ती अडत नाही.

काळं रान आणि पाऊस

रस्ता निवडण्याचा हिशेब ढोबळ असतो. रस्त्याचा प्रकार पाहून अ‍ॅप एक वेग गृहीत धरतं, लांबीला त्याने भागतं आणि ज्या रस्त्याला कमी वेळ लागेल तो दाखवतं. पण दूरच्या पाणंदी कितीदा तरी कुणी उपग्रहचित्र बघून घरबसल्या रेखलेल्या असतात, आणि स्वच्छ चित्र मिळतं ते उन्हाळ्यातलं. मे महिन्यात टणक, पांढरी दिसणारी तीच गाडीवाट जुलैत काळ्या मातीचा चिखल असते. चाक फिरत राहतं, माती मडगार्डमध्ये भरते आणि दुचाकीही जागची हलत नाही. हे अ‍ॅपला कळण्याचा मार्गच नाही.

ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँडमध्ये कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय आहे. जून ते ऑक्टोबर तो सुरू ठेवा. गुगल मॅप्समध्ये टोल, महामार्ग आणि फेरी टाळता येते, कच्चा रस्ता टाळता येत नाही. म्हणून पावसाळ्यात गुगलने सुचवलेला जवळचा रस्ता आधी उपग्रहचित्रावर बोटाने सरकवत बघा. डांबराची रेघ सलग, गडद करडी आणि सारख्या रुंदीची दिसते. गाडीवाट तपकिरी असते आणि मधूनच दोन चाकोऱ्यांत फुटते. ओढा ओलांडताना तिथे पुलाची सावली दिसते का पाहा. सावली नसेल तर नळकांडी पूल किंवा फरशी समजा, आणि वर पाऊस झाला असेल तर तिकडे जाऊ नका. रेल्वेखालचे भुयारी रस्तेही पावसात भरतात. पाण्यातून रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपपेक्षा काठावर उभ्या असलेल्या माणसाचं ऐका. पाण्याखाली फरशी शाबूत आहे का हे वरून दिसत नाही, आणि गुडघाभर धार गाडी ओढून नेते.

गर्दीच्या रंगांबद्दलही एक सांगायला हवं. गुगल ती माहिती रस्त्यावरच्या इतर फोनच्या वेगावरून काढतं. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज-गुलमंडीत फोन भरपूर, तिथे ती नेमकी असते. आडवाटेला तासाभरात दोनच फोन जात असतील तर रस्ता मोकळा दिसतो, मग तिथे ओंडका पडलेला असो नाहीतर उसाची ट्रॉली उलटलेली असो.

वाहनाचा प्रकार दरवेळी बघून घ्या. गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय आहे आणि तो निवडायलाच हवा, कारण समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. गाडीचा पर्याय राहिला तर जालन्याहून निघालेल्या दुचाकीवाल्याला अ‍ॅप थेट तिथल्या प्रवेशद्वारावर नेऊन उभं करतं. ट्रकवाल्यांची अडचण याहून मोठी. गुगल मॅप्स रस्ता देतं तो मोटारीचा. त्यात ट्रकची उंची-वजन टाकायची सोयच नाही. ऑस्मअँडमध्ये ट्रकसाठी उंची, रुंदी, वजन टाकता येतं, पण कुठल्या पुलाची उंची किती हे आपल्या भागात नकाशात फार थोड्या ठिकाणी भरलेलं आहे. म्हणून कन्नडच्या औट्रम घाटासारख्या ठिकाणी जड वाहन नेण्याआधी तिथले सध्याचे निर्बंध पोलिसांकडून किंवा वाहतूक संघटनेकडून विचारून घ्या, आणि फलकावर जे लिहिलंय ते अ‍ॅपच्या वरचं माना. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर तर कुठल्याच अ‍ॅपच्या हिशेबात नाही. त्याचा रस्ता एकदा दिवसा पाहून, नोंद करून ठेवावा.

अक्षांश-रेखांश: दोन आकड्यांची शिस्त

पत्ता सापडत नाही तिथे आकडे कामाला येतात, पण ते टाकण्यातच सगळ्यात जास्त घोटाळे होतात.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जागेचा पहिला आकडा, म्हणजे अक्षांश, १७ ते २० च्या घरात असतो आणि दुसरा, रेखांश, ७४ ते ७८ च्या. लातूर साधारण १८.४०, ७६.५६. आकडे उलटे टाकले, आधी ७६ आणि मग १८, तर खूण थेट उत्तर ध्रुवाजवळच्या थंडगार समुद्रात पडते. तशी ती पडली तर निदान चूक लगेच कळते.

दुसरी चूक कळत नाही, म्हणून ती वाईट. जुन्या सरकारी कागदावर १८ अंश २४ मिनिटं ३० सेकंद असं लिहिलेलं असतं आणि लोक ते १८.२४३० असं टाकतात. बरोबर आकडा असा निघतो: २४ भागिले ६० म्हणजे ०.४, ३० भागिले ३६०० म्हणजे ०.००८३३, मिळून १८.४०८३३. चुकीच्या आकड्याने तुम्ही सुमारे १८ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडता, आणि तिथेही एक गाव असतंच.

दशांशानंतर पाच आकडे ठेवा. पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो. तीनच ठेवले तर शंभरेक मीटरची ढिलाई येते, म्हणजे दुसऱ्याच्या धुऱ्यावर. अ‍ॅपमध्ये टाकताना इंग्रजी अंक वापरा, मध्ये स्वल्पविराम द्या.

फोनवर बोलून सांगायचं असेल तर आकड्यांपेक्षा छोटा कोड सोपा. गुगल मॅप्समध्ये खूण धरून ठेवली की प्लस कोड दिसतो. पूर्ण दहा अक्षरांचा कोड साधारण १४ मीटरचा चौकोन दाखवतो. डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन दहा अक्षरांतच सुमारे चार मीटरचा चौकोन दाखवतो. वस्तीवर राहणाऱ्यांनी आपल्या घराचा असा एक कोड आणि अक्षांश-रेखांश दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत. बाळंतपणाच्या किंवा सर्पदंशाच्या रात्री घाबरलेल्या माणसाला ते वाचून दाखवता येतं.

ऊन, बॅटरी, स्टँड

नकाशात बॅटरी जास्त खातो तो पडदा. आवाजावर चालवा, वळणापुरताच पडदा लावा. गाडीतला जुना एक अँपिअरचा चार्जर पूर्ण उजेडाच्या पडद्याला पुरत नाही. चार्जिंगला लावूनही टक्के उतरत जातात. किमान दोन अँपिअरचा घ्या.

एप्रिल-मेमध्ये काचेमागे लावलेला फोन तापून आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. तो एसीच्या जाळीसमोर लावा, काचेवर नको. दुचाकीच्या हँडलवर फोन घट्ट बसवला तर इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. रबरी दट्ट्या असलेला स्टँड घ्या, किंवा फोन खिशात ठेवून एका कानात आवाज ऐका.

शेत मोजण्यासाठी?

नको. बांधावरून चालत क्षेत्र काढणारी अ‍ॅप अंदाजापुरती ठीक आहेत. एक एकर म्हणजे ४० गुंठे, चौरस धरला तर प्रत्येक बाजू सुमारे ६३.६ मीटर. सगळीकडे तीन मीटर बाहेरून चाललेलं मोजलं गेलं तर क्षेत्र ४८ गुंठ्यांच्या जवळ जातं. फवारणीचं पाणी किंवा ठिबकच्या नळ्या काढायला एवढा अंदाज चालेल. भावकीच्या वादात मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच.

वेगळं हातातलं यंत्र कुणी घ्यावं

सलग दिवस-दोन दिवस जंगलात, पावसात काम करणाऱ्यांना गार्मिनसारखं हातातलं जीपीएस यंत्र अजूनही उपयोगी आहे. पेन्सिल सेल बदलता येतात, पाण्याची भीती नाही, हातमोज्यातूनही बटणं दाबता येतात. जुनं यंत्र विकत घेताना आधी बाहेर नेऊन त्यावरची तारीख बघा. उपग्रहांचा आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तो आला आणि सुधारणा न झालेल्या जुन्या यंत्रांच्या तारखा वीसेक वर्षं मागे गेल्या. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो, डब्ल्यूजीएस ८४ आहे ना, हेही सेटिंगमध्ये पाहा. भारताच्या जुन्या टोपो नकाशांचा एव्हरेस्ट डेटम लावलेला राहिला तर आपल्याकडे जागा शंभरेक मीटरने सरकते.

निवड झाल्यावर

बहुतेकांची जोडी अशी जमते: शहर आणि हमरस्त्याला गुगल मॅप्स किंवा मॅपल्स, आणि रेंज नसलेल्या भागाला ऑर्गॅनिक मॅप्स. नोंदी ठेवाव्या लागतात त्यांनी ऑर्गॅनिक मॅप्सच्या जागी ऑस्मअँड घ्यावं. जतन केलेल्या जागा एकाच अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नका. महिन्यातून एकदा त्यांची जीपीएक्स किंवा केएमएल प्रकारची फाइल काढून स्वतःला मेल करा. फोन विहिरीत पडला तरी पाच वर्षांच्या पाट्या आणि वस्त्या राहतात.

आणि चूक दिसली की दुरुस्त करा. गुगल मॅप्समध्ये बदल सुचवता येतो, तो तपासून मंजूर होतो. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढलं की तुम्ही स्वतः रस्ता जोडू शकता, गावाचं देवनागरी नाव भरू शकता, नळकांडी पुलाची नोंद टाकू शकता. पुढचा नकाशा येतो तेव्हा ती दुरुस्ती त्यावर चालणाऱ्या सगळ्या अ‍ॅपमध्ये पोहोचते. तुमच्या यादीतल्या दहा ठिकाणांपैकी जी नापास झाली, तिथून सुरुवात करा. मृगाच्या आधी एकदा आणि कारखाने सुरू होण्याआधी एकदा नकाशे ताजे करा आणि दहाही ठिकाणं विमान मोडवर पुन्हा शोधून बघा.